‘मोर स्वीट’ की ‘स्वीटर’? दिंडोरीच्या एका मेलचं प्रकरण

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. कॉलेज रोडवरच्या माझ्या क्लासची सातची बॅच सुटली, मुलं पांगली, पण ती मागं थांबली. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातली मुलगी, बी.एस्सी. झालेली, द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघायला लागून दोन महिने झाले होते. रोजचा माल तपासायचा आणि परदेशातल्या ग्राहकाला आठवड्याचा रिपोर्ट मेल करायचा, हे तिचं काम. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

“मॅडम, यात चूक काय आहे ते सांगा ना. साहेब म्हणतात, सगळा घोळ माझ्या मेलमुळं झाला. मी चार वेळा वाचलं, मला चूक सापडत नाही.”

मेलमधलं पहिलंच वाक्य होतं: “वी हॅव मोर स्वीट ग्रेप्स धिस वीक दॅन लास्ट वीक.”

तिला म्हणायचं होतं, या आठवड्याची द्राक्षं गेल्या आठवड्यापेक्षा जास्त गोड आहेत. ग्राहकानं वाचलं, गोड द्राक्षांचा माल या आठवड्यात जास्त आहे. त्याचं उत्तर तासाभरात आलं होतं: आनंदाची बातमी आहे, किती पेट्या जास्त भरू शकता ते कळवा. त्या आठवड्यात माल उलट कमी होता, कारण दोन बागांची तोड पुढं ढकलली होती. पण ग्राहकानं तोवर पुढच्या दुकानांना शब्द देऊन टाकला होता. साहेबांना दोन रात्री फोनवर बसून ते निस्तरावं लागलं. नुकसान फार झालं नाही, पण मुलीचा आत्मविश्वास पार गेला. “मी यापुढं मेल लिहीतच नाही, फोटो पाठवते फक्त,” असं ती म्हणत होती. म्हणून मी हे प्रकरण मनावर घेतलं आणि त्याची वही ठेवली. इंग्रजीतल्या तुलनेवर मी वर्षानुवर्षं जे शिकवत आले, त्यातलं बरंच मला या एका मेलमुळं नव्यानं मांडावं लागलं.

आधी अख्खा मेल देते. पहिलं वाक्य वर आलंच आहे. त्यापुढं होतं: “द शुगर ऑफ प्लॉट फोर इज हायर दॅन प्लॉट टू. बेरी साइज इज मोर बेटर. क्रॅकिंग इज व्हेरी लेसर ॲज कंपेअर टू लास्ट लोडिंग. लेस बॉक्सेस आर रिजेक्टेड. कलर इज सुपीरियर दॅन लास्ट वीक. धिस इज वन ऑफ द बेस्ट लॉट ऑफ धिस सीझन.”

सात वाक्यं, सातही तुलनेची. क्वालिटी रिपोर्टचं कामच ते: हा माल आणि तो माल, आज आणि गेल्या आठवड्यात. व्याकरण तपासणारा कुणीही मास्तर लाल पेन घेऊन बसला, तर शेवटची सहा वाक्यं लाल करील. ‘मोर बेटर’ चूक, ‘व्हेरी लेसर’ चूक, ‘ॲज कंपेअर टू’ चूक, मोजता येणाऱ्या पेट्यांना ‘लेस’ लावलं ते चूक, ‘सुपीरियर’नंतर ‘दॅन’ चूक, ‘वन ऑफ द बेस्ट’नंतर ‘लॉट्स’ हवं तिथं ‘लॉट’ आलं ते चूक. दुसऱ्या वाक्यातली चूक जरा खोल आहे, तिच्याकडं पुढं येते.

आणि पहिलं वाक्य? ते व्याकरणात चोख बसतं. सातांतलं तेवढं एकच वाक्य बरोबर होतं आणि घात त्यानंच केला.

ही गोष्ट मला त्या रात्री झोपेतही टोचत होती. ‘मोर बेटर’ वाचून त्या ग्राहकाचा काही गैरसमज झाला नाही. मण्यांचा आकार सुधारलाय, एवढं त्याला कळलं. ‘व्हेरी लेसर’ कानाला खटकतं, पण अर्थ पोचतो. आपण क्लासमध्ये ज्या चुकांवर सगळा जीव काढतो, त्या बहुतेक वाचणारा माफ करतो. जी चूक चूक म्हणून दिसतच नाही, ती मात्र कंटेनर हलवते. मी तिला तेव्हाच सांगितलं, तुझी चूक तुला सापडत नव्हती याचं कारण तू कच्ची आहेस हे नाही. त्या वाक्यात व्याकरणाची चूकच नव्हती. ते वाक्य बरोबर होतं, फक्त ते तुझं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी जे केलं ते मात्र चुकीचं होतं, आणि ते लिहिणं भाग आहे. मी तिला तक्ता दिला. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. हॅपी, हॅपिअर, हॅपिएस्ट. ब्युटिफुल, मोर ब्युटिफुल, मोस्ट ब्युटिफुल. गुड, बेटर, बेस्ट. एका झटक्यात उच्चारला जाणारा, म्हणजे एका सिलेबलचा शब्द असेल तर शेवटी ‘-अर’. दोन सिलेबलचा आणि शेवटी ‘ई’ असेल तर ‘-इअर’. त्याहून लांब असेल तर पुढं ‘मोर’. ‘सिंपल’, ‘नॅरो’, ‘क्लेव्हर’ असे मधले काही दोन्ही तऱ्हांनी चालतात. हे सगळं तिला येत होतं! महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. ती त्यानंतर शाळेत गेलेली. गाळलेल्या जागा भरायला दिल्या, तर एकही चुकली नाही. आणि दुसऱ्या दिवशी पॅकहाऊसमधून तिनं मला दाखवायला पाठवलेल्या मसुद्यात पुन्हा ‘मोर फर्म’ आणि ‘मोर फ्रेश’ होतं.

म्हणजे गोम वेगळीच होती.

मी तिला मेल बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, तुला म्हणायचं काय होतं ते मराठीत बोल. ती सहज म्हणाली, “ह्या आठवड्यात जास्त गोड द्राक्षं आहेत.” मग विचारलं, आणि गोड द्राक्षांचा माल वाढलाय असं म्हणायचं असतं तर? “मग गोड द्राक्षं जास्त आहेत.” दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली, आणि मीच थबकले. शब्द तेच आहेत. फक्त ‘जास्त’नं जागा बदललीय. ‘गोड’च्या आधी आला तर गोडी वाढते, नंतर आला तर माल वाढतो. आपण हे भेद दिवसभर बोलतो आणि कुणाला शिकवावे लागत नाहीत.

इंग्रजीत ‘मोर’ला अशी मोकळीक नाही. तो ‘स्वीट ग्रेप्स’च्या आधीच येणार. मग तो ‘स्वीट’ला धरून आहे की ‘ग्रेप्स’ला, हे कळायचं कसं? इथं ‘-अर’ कामाला येतो. ‘स्वीटर ग्रेप्स’ म्हटलं की गोडी, ‘मोर स्वीट ग्रेप्स’ म्हटलं की माल. लहान शब्दाला ‘-अर’ लावणं हा शाळेतल्या बाईंचा हट्ट नाही, त्यानं ‘मोर’ संख्येसाठी मोकळा राहतो. तक्त्यात हे कारण कुठंच नसतं. तक्ता फक्त सांगतो की ‘मोर स्वीट’ लिहू नये. लिहिलं तर काय होईल ते सांगत नाही.

दुसरं कारण ‘पेक्षा’त आहे. मराठीत तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतो. “ही बाग त्या बागेपेक्षा गोड.” इथं ‘गोड’ला काही झालं का? काही नाही. शब्द जसाच्या तसा. आणि वाक्यात ‘पेक्षा’ आधी येतो, गुण मागाहून येतो. आपण गुणाच्या शब्दापाशी पोचेपर्यंत तुलना होऊन गेलेली असते. इंग्रजीत क्रम उलटा: गुण आधी, ‘दॅन’ नंतर. त्यामुळं गुणाच्या शब्दालाच खूण अंगावर घालून उभं राहावं लागतं, पुढं तुलना येतेय म्हणून. मराठी डोक्यात वाक्य जुळवणारा माणूस ‘फर्म’पाशी येतो तेव्हा त्याला तो शब्द मोडायचं काही कारण दिसत नाही, फार तर ‘जास्त’ म्हणून ‘मोर’ चिकटवतो. ‘मोर बेटर’ही असाच होतो. ‘बेटर’ हा ‘चांगलं’ म्हणून पाठ झालेला असतो, त्याच्या पोटात ‘जास्त’ आधीच आहे हे जाणवत नाही, म्हणून वरून आणखी एक ‘जास्त’.

हा काही फक्त आपला दोष नाही. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत अशी दुहेरी तुलना चालायची. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ती चूक ठरवली. ‘लेसर’ हा शब्द तर त्यातूनच वाचलेला आहे: ‘लेस’ म्हणजेच ‘आणखी कमी’, त्याला पुन्हा ‘-अर’. तो टिकला, पण नामाच्या आधीच येतो, लहान-मोठ्या महत्त्वाच्या अर्थानं. तडे कमी आहेत हे सांगायला तो चालत नाही. आपल्याकडं ‘श्रेष्ठतम’ आणि ‘सर्वश्रेष्ठ’ लिहितातच की. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सगळ्यांत उत्तम, तरी त्याला आणखी ‘तम’.

इथं जरा वाट सोडते, कारण या मुलीच्या मनातली इंग्रजीची भीती ज्या क्षणी गेली तो क्षण इथला आहे. मी फळ्यावर संस्कृतातली तीन रूपं लिहिली: स्वादु, स्वादीयस्, स्वादिष्ठ. गोड, जास्त गोड, सगळ्यांत गोड. त्याखाली इंग्रजी: स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट. ती बघत राहिली. “मॅडम, हे एकच आहे!” एकच आहे. ‘स्वादु’ आणि ‘स्वीट’ एका मुळाचे, ‘-इष्ठ’ आणि ‘-एस्ट’ एका मुळाचे, आणि ‘-ईयस्’मधला ‘स’, इंग्रजी ज्या जर्मॅनिक शाखेतली आहे तिथं, ‘र’ होऊन ‘-अर’ झाला. ज्येष्ठ, कनिष्ठ, गरिष्ठ, बलिष्ठ, सगळ्यांच्या शेवटी तोच ‘एस्ट’ बसलेला आहे. मराठीत आपण ‘स्वादिष्ट’ म्हणतो तेव्हा फक्त ‘चवदार’ एवढाच अर्थ उरलाय, तुलना विरून गेली. इंग्रजीनं ती जपली. तुझ्या आजीच्या पेटीतली वस्तू परक्याच्या घरात वापरात आहे, असं मी तिला म्हटलं. त्यानंतर ‘मोर फ्रेश’ तिच्या हातून झालेलं माझ्या वहीत नाही.

पण दुसरं वाक्य अजून उभं होतं. “द शुगर ऑफ प्लॉट फोर इज हायर दॅन प्लॉट टू.” हे तिला किती समजावलं तरी पटेना. “बरोबर तर आहे, मॅडम. चार नंबरच्या प्लॉटची साखर दोन नंबरपेक्षा जास्त.” मराठीत ते बरोबरच आहे. “नाशिकची हवा पुण्यापेक्षा चांगली” हे आपण सगळेच म्हणतो, आणि हवेची तुलना पुणे नावाच्या शहराशी केली असं कुणी म्हणत नाही.

मार्चमधल्या एका रविवारी तिच्या वडिलांनी बागेत बोलावलं. तोडीचे शेवटचे दिवस होते. ओसरीवर दोन क्रेट, थॉमसन जातीच्या द्राक्षांचे घड, आणि तिचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायची नळी. तिनं एक मणी चिमटीत दाबला, रसाचा थेंब काचेवर सोडला, झाकण टेकवलं आणि नळी उजेडाकडं धरून माझ्या हातात दिली. आत वर निळं, खाली पांढरं, आणि मधली रेघ 18 च्या जरा वर. शंभर ग्रॅम रसात साधारण 18 ग्रॅम साखर, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या क्रेटमधला मणी घेतला, रेघ 16 वर. मग भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी काढून तिनं मणी एकेका भोकाला लावून बघितले. 18 मिलीमीटरच्या भोकातून पहिल्या क्रेटमधला मणी खाली जाईना, दुसऱ्यातला सटकन गेला.

मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत सांग. ती म्हणाली, “द शुगर ऑफ धिस क्रेट इज हायर दॅन दॅट क्रेट.”

तिचे वडील, अण्णा, शेजारीच बसले होते. त्यांना मी मराठीत सांगितलं, अण्णा, ही म्हणतेय, या क्रेटची साखर त्या क्रेटपेक्षा जास्त. इंग्रज माणूस याचा शब्दशः अर्थ धरतो. साखर एका बाजूला आणि अख्खा क्रेट दुसऱ्या बाजूला. ते हसले नाहीत, विचार करून म्हणाले, “मग काटा कसा लागंल? भुईकाट्यावर आपण भरला ट्रॅक्टर घालतो, मग रिकामा ट्रॅक्टर घालतो. तोच ट्रॅक्टर पाहिजे. मालाशी माल, नाहीतर वजाबाकी होत न्हाई.”

मी दहा वर्षांत याहून सरळ कुणाला शिकवू शकले नव्हते. ‘दॅन’ म्हणजे काट्याचा खांब. त्याच्या दोन्ही पारड्यांत एकाच जातीची वस्तू पाहिजे. साखरेसमोर साखर, आकारासमोर आकार. तिनं लगेच स्वतःच वाक्य बांधलं: “द शुगर ऑफ धिस क्रेट इज हायर दॅन दॅट ऑफ दॅट क्रेट.” बरोबर, पण ‘दॅट ऑफ दॅट’ तोंडात अडखळतं. मी तिला सोपी वाट दाखवली, जी रिपोर्टात मला जास्त आवडते: “शुगर इज हायर इन प्लॉट फोर दॅन इन प्लॉट टू.” दोन्हीकडं ‘इन’ ठेवला की पारडी आपोआप जुळतात. नाहीतर ‘प्लॉट टू’ला मालकीची खूण, म्हणजे अपॉस्ट्रॉफी आणि एस: “प्लॉट फोर्स शुगर इज हायर दॅन प्लॉट टूज.” बोलण्यात इंग्रज माणूसही कधीकधी आपल्यासारखंच ढिलं बोलतो आणि त्याचं भागतं. लेखी रिपोर्टात, जिथं चार आकडे शेजारी शेजारी असतात, तिथं मी ही सूट घेऊ देत नाही. “द ग्रेप्स आर स्वीटर दॅन लास्ट वीक” हे मात्र चालतं, कारण तिथं ‘गेल्या आठवड्यात होती त्यापेक्षा’ असं मधलं गाळलेलं असतं आणि ते कुणालाही भरून घेता येतं.

ओसरीवरच आम्ही आकडे बसवून पाहिले. इथं मराठी माणसाला एक फायदा आहे. ‘दोन मिलीमीटरनं मोठा’ हा क्रम इंग्रजीत जसाच्या तसा जातो: ‘टू मिलीमीटर्स बिगर’. फरक आधी, गुण नंतर. ‘बराच मोठा’ म्हणायचं तर ‘मच बिगर’, ‘थोडा मोठा’ म्हणायचं तर ‘स्लाइटली बिगर’. ‘व्हेरी’ मात्र तुलनेच्या रूपाला चालत नाही; ‘व्हेरी बिग’ होतं, ‘व्हेरी बिगर’ होत नाही. तिच्या ‘व्हेरी लेसर’मधली अर्धी चूक ही होती. वाक्य झालं: “देअर इज मच लेस क्रॅकिंग दॅन इन द लास्ट लोडिंग.” आणि ‘ॲज कंपेअर टू’ हा ऑफिशियल वाटणारा शब्दसमूह आम्ही सरळ कापला. ‘दॅन’ असताना त्याची गरज पडत नाही, आणि वापरायचाच तर तो ‘कंपेअर्ड’ असतो.

दुपटीबद्दल मी तिला कडक सूचना दिली. ‘टू टाइम्स मोर’ लिहू नकोस. दोनपट म्हणजे 100 च्या जागी 200 की 100 वर आणखी 200, यावर इंग्रजी वाचणाऱ्यांतही मतं फुटतात. ‘ट्वाइस ॲज मेनी बॉक्सेस’ लिहिलं की वाद उरत नाही. आणि शक्य तिथं दोन्ही आकडेच दे. 16 होते, 18 झाले. आकड्याला व्याकरण लागत नाही.

‘फ्यूअर’ आणि ‘लेस’वर मी फार वेळ घालवला नाही. मोजता येतं त्याला ‘फ्यूअर’, ओतता येतं त्याला ‘लेस’. पेट्या ‘फ्यूअर’, साखर ‘लेस’. अंतर, वजन, पैसे यांचे आकडे असले तरी तिथं ‘लेस दॅन’च येतो, कारण ती एकच राशी मानतात. इंग्रज लोक स्वतःच दुकानाच्या पाट्यांवर हा नियम मोडतात, तेव्हा दिंडोरीच्या मुलीनं त्यासाठी झोप उडवायची गरज नाही. ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’, ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ हे लॅटिनमधून आलेले तयार तुलनेचे शब्द आहेत आणि त्यांच्यापुढं ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ‘प्रिफर’लाही तोच ‘टू’. पण रंगासाठी ‘सुपीरियर’ हवाच कशाला? तिच्या ग्राहकाला हिरवा माल पाहिजे होता. ‘ग्रीनर’ लिहिलं की त्याला रंग दिसतो, ‘सुपीरियर’ लिहिलं की फक्त कौतुक ऐकू येतं.

कौतुकावरून आणखी एक फसगत आठवली. तिच्या दुसऱ्या एका मसुद्यात “द ग्रेप्स आर टू स्वीट” होतं. आपल्याकडं ‘टू गुड’ ही दाद आहे. इंग्रजीत हा दोन ‘ओ’वाला ‘टू’ म्हणजे ‘नको तेवढं’. तिनं तो मेल तसाच पाठवला असता, तर ग्राहकाला माल गरजेपेक्षा जास्त पिकलाय, टिकणार नाही, असं वाटलं असतं. हा शब्द तुलनेच्या धड्यात नसतो, पण आहे तुलनाच. दुसऱ्या पारड्यात ‘हवं तेवढं’ बसलेलं असतं, दिसत नाही इतकंच. पाठवण्याआधी सापडला म्हणून मला फार बरं वाटलं.

त्या रविवारी निघताना तिचा दहावीतला भाऊ वही घेऊन आला. त्याला परीक्षेला ‘डिग्रीज’ बदलायच्या होत्या. त्याच्यासाठी आम्ही जिल्ह्यातलाच साल्हेर घेतला. 1567 मीटर, राज्यातला सगळ्यांत उंच किल्ला. त्यानं लिहिलं: “साल्हेर इज हायर दॅन एनी फोर्ट इन महाराष्ट्र.” बहीण तिथल्या तिथं म्हणाली, “अरे, साल्हेर पण महाराष्ट्रातलाच ना? मग तो स्वतःपेक्षा उंच झाला. ‘एनी अदर’ लिही.” मी काही बोलले नव्हते. पुढं तीच त्याला सांगत होती, ‘नो अदर फोर्ट इज ॲज हाय ॲज साल्हेर’, आणि कळसूबाई 1646 मीटर असली तरी ते शिखर आहे, किल्ला नाही, तिला या काट्यावर घालायचं नाही. “मालाशी माल,” अण्णा आतून म्हणाले.

‘वन ऑफ द बेस्ट लॉट’ ही चूक तिच्या हातून सगळ्यांत उशिरा गेली. मराठीत ‘उत्तम मालांपैकी एक’ असं आपण फारसं म्हणत नाही; ‘एक नंबर माल’ म्हणून मोकळे होतो. त्यामुळं ‘पैकी’ म्हटल्यावर पुढं ढीग असतो, अनेकवचन लागतं, हे हाताला वळण नव्हतं. एप्रिलमधल्या मेलमध्येही एकदा ते आलंच. मी ते तेवढ्यासाठी अडवून धरलं नाही. अर्थ हलत नव्हता.

मी वहीत तिच्या मेलांचे मसुदे जपले आहेत. हंगामाच्या शेवटच्या मेलाआधी, रात्री अकराला, तिचा मेसेज आला. तिनं लिहिलं होतं: “वी हॅव मोर युनिफॉर्म बंचेस धिस वीक.” आणि खाली मराठीत: “मॅडम, ‘युनिफॉर्म’ लांब शब्द आहे, त्याला ‘-अर’ लागत नाही. ‘मोर’च लावावा लागतो. मग हा माणूस परत पेट्या मोजायला बसेल ना? सारखे घड जास्त आहेत असं वाचेल.”

खरं आहे. नियमानं वाक्य चोख, आणि तरी दोन अर्थांचं. लांब शब्दापाशी ‘-अर’ची मदत संपते, आणि तिथं इंग्रजी लिहिणाऱ्यांचीही अशीच पंचाईत होते. ‘मोर एक्स्पेन्सिव्ह ग्रेप्स’ म्हणजे महागडी द्राक्षं जास्त, की द्राक्षं जास्त महाग, हे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरवावं लागतं. मी उत्तर टाइप करत होते, तेवढ्यात तिचाच पुढचा मेसेज आला.

“थांबा मॅडम, सापडलं. ‘जास्त’ची जागा बदलता येत नाही, पण घड पुढं आणता येतील.”

आणि तिनं जे पाठवलं ते असं होतं: “द बंचेस आर मोर युनिफॉर्म धिस वीक दॅन लास्ट वीक. द नंबर ऑफ कार्टन्स इज द सेम.”